2058 सालची फौजदारीणबाई आणि आमचा काळा पहाड

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या दिवाळीत आमच्या घरी जो वाद झाला तो फराळावरून नव्हता, वाटणीवरून तर नव्हताच. तो झाला एका अमेरिकन फौजदारीणबाईवरून, आणि ती बाई तर अजून जन्मालाही आलेली नाही. नाव ईव्ह डॅलस. 2058 सालात न्यूयॉर्कच्या पोलिसात खुनांचा तपास करते. माझी नात बेंगळुरूहून सुट्टीला आली होती. वय 24, नोकरी कॉम्प्युटरची. चार दिवसांतले तीन दिवस ती झोपाळ्यावर किंडल घेऊन पडलेली. मी सहज विचारलं, "काय वाचतेयस गं एवढं?" म्हणाली, "आजोबा, हे माझं चव्वेचाळिसावं आहे." मला वाटलं वर्षातलं. तर नाही, एकाच मालिकेतलं!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नोरा रॉबर्ट्स या अमेरिकेतल्या फार मोठ्या खपाच्या लेखिका, प्रेमकथा लिहिणाऱ्या. त्यांनी जे. डी. रॉब असं टोपणनाव घेऊन 1995 साली 'नेकेड इन डेथ' ही रहस्यकादंबरी लिहिली. तेव्हापासून वर्षाला साधारण दोन या हिशेबाने मालिका चालूच आहे आणि आता साठच्या घरात गेली आहे. बहुतेक नावांच्या शेवटी 'इन डेथ' ठरलेलं. काळ भविष्यातला. स्वयंपाक यंत्र करतं, नोकर म्हणून यंत्रमाणसं आहेत, पृथ्वीबाहेर वसाहती आहेत, बंदुकांवर बंदी आहे, आणि खरी कॉफी इतकी महाग की सामान्य माणूस सोयाबीनचं कसलंतरी काळं पाणी पितो. एवढं सगळं बदललं तरी खून मात्र होतातच, आणि कारणंही तीच. पैसा, मत्सर, सूड, घरातला जुना राग.

नातीने जाताना पहिली काही पुस्तकं माझ्याकडच्या टॅबलेटवर भरून दिली. "वाचून बघा, नाही आवडलं तर सोडा." मी पंचाहत्तरी गाठलेला माणूस, दुपारी झोप येत नाही, म्हटलं बघू. त्यानंतर आजवर 17 वाचली. म्हणजे आता मत द्यायला हरकत नाही असं मी धरून चालतो.

आधी घरातल्यांची मतं सांगतो, कारण माझ्यापेक्षा ती जास्त चोख आहेत.

नातीला आवडतात ती ईव्हच्या भोवतीची माणसं. पीबडी नावाची तिची सहाय्यक, जी आधी साधी गणवेशातली पोलीस असते आणि पुढे परीक्षा देऊन डिटेक्टिव्ह होते. फीनी नावाचा वडीलधारा, जो कॉम्प्युटरचं खातं सांभाळतो. गॅलाहॅड नावाचा लठ्ठ बोका. ईव्हने ऑफिसात लपवलेलं चॉकलेट कुणीतरी दरवेळी चोरतं, आणि हा चोर काही तिला सापडत नाही. खुनी सापडतात, हा नाही. नात म्हणते, "आजोबा, मी बेंगळुरूला रात्री नऊला रूमवर जाते तेव्हा रूममध्ये कुणी नसतं. हे लोक असतात." यावर मी काय बोलणार?

सूनबाईने पंधरा वाचून सोडली. तिचं म्हणणं, रोर्क या नवऱ्याने मालिकेची वाट लावली. हा रोर्क डब्लिनच्या गल्लीत वाढलेला, पूर्वाश्रमीचा चोर, आणि आता जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी. देखणा, बायकोला खऱ्या कॉफीची पिशवी भेट देणारा. सूनबाई म्हणाली, "प्रत्येक वेळी कुठली ना कुठली कंपनी त्याचीच निघते, विमान त्याचं, इमारत त्याची. अशाने रहस्य उरतं का? आणि असा नवरा असतो का कुणाचा?" हे बोलताना तिने आमच्या चिरंजीवांकडे पाहिलं. चिरंजीव चकली खात होते.

आमचे एक मित्र पोलिसातून निवृत्त झालेले आहेत, संध्याकाळी फिरायला बरोबर असतात. त्यांना मी दोन-तीन गोष्टी सांगितल्या. ते म्हणाले, "साहब, इनकी पेशी कब होती है?" म्हणजे ही बाई कोर्टात तारखेला कधी जाते? पंचनाम्याला पंच कुठून आणते? मंत्र्याचा बंदोबस्त कधी करते? खुनाच्या तपासाला सलग चार दिवस मिळालेला अधिकारी त्यांनी 35 वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. त्यांच्या मते या मालिकेत भविष्यातली गोष्ट हीच एक आहे, बाकी यंत्रं वगैरे किरकोळ.

आणि आमची मंडळी. हिने एक ओळही वाचलेली नाही. रोज चार वाजताच्या चहाला मी तिला कालपर्यंतची गोष्ट सांगतो. तिला खुनी कोण याच्याशी काडीचं घेणं नाही. तिचा एकच प्रश्न: "तिची आई सापडली का?"

हे जरा समजावून सांगायला हवं. ईव्ह आठ वर्षांची असताना डॅलस शहरातल्या एका गल्लीत सापडली. हात मोडलेला, स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. गावावरून आडनाव ठेवलं गेलं. बापाने तिच्यावर काय अत्याचार केले होते ते तिला हळूहळू, पुस्तकामागून पुस्तक, स्वप्नांत आठवत जातं. सूनबाईला या स्वप्नांचा कंटाळा आला. "पुन्हा तेच, पुन्हा तेच," म्हणते. मला तिचं पटत नाही. असलं दुःख एकदा सांगून संपतं असं आपण धरतो, कारण ऐकणाऱ्याला ते सोयीचं असतं. भोगणाऱ्याला ते परत परत येतं. आमच्या पिढीच्या घरांतून अशा गोष्टींवर पांघरूण घालायची पद्धत होती, तुम्हीही जाणता. एक खपाऊ मालिका तीस वर्षं तो विषय सोडत नाही, आणि त्या मुलीला लाजायला लावत नाही, हे मला तिच्यातलं सर्वांत मोलाचं वाटलं. मेलेल्याच्या बाजूने उभं राहणारं कुणीतरी पाहिजे, हा ईव्हचा हट्ट त्यातूनच आलेला आहे. मयत माणूस किती वाईट होता याच्याशी तिला कर्तव्य नसतं.

तर हिच्या प्रश्नासाठी मी क्रम मोडला आणि 2011 सालचं 'न्यूयॉर्क टू डॅलस' मधूनच वाचून काढलं. त्यात आईचा पत्ता लागतो. कसा आणि काय, ते सांगत नाही, वाचणाऱ्यांचा विरस होईल. मी हिला सांगितलं तेव्हा ही थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यापेक्षा न सापडती तर बरं होतं." आणि कप उचलून आत गेली. एवढं नेमकं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही.

आता माझी तक्रार. प्रत्येक वाचक ज्या गल्लीत वावरला त्या गल्लीतच लेखकाला पकडतो. मी बँकेत आयुष्य काढलं. या रोर्कच्या घरात एक गुप्त खोली आहे, तिथे सरकारदरबारी नोंद नसलेली यंत्रं आहेत. ईव्हचा तपास अडला की नवरा-बायको त्या खोलीत जातात आणि वाटेल त्याच्या बँकखात्यात शिरतात. कुणाची परवानगी नाही, कागद नाही. मिनिटभरात सगळे व्यवहार पडद्यावर! अहो, खातेदाराची माहिती म्हणजे काय रस्त्यावरची जाहिरात आहे? आमच्याकडे 1891 सालचा बँकर्स बुक्स एव्हिडन्स अॅक्ट आहे, इंग्रजांच्या वेळचा. बँकेच्या वहीतली नोंद कोर्टात द्यायची तर प्रमाणित नक्कल कशी द्यायची, खाली काय लिहायचं, सही कुणाची, सगळं ठरलेलं. पोलीस नुसते "जरा बघू द्या" म्हणत आले तर आम्ही चहा पाजून लेखी पत्र आणायला परत पाठवायचो. ईव्हला स्वतःलाही हे टोचतं, हे लेखिकेने दाखवलंय, खोटं कशाला बोलू. पण टोचूनही ती जातेच. नात म्हणाली, "आजोबा, खुनी पकडायचाय ना!" मी म्हटलं, आज खुनी, उद्या तू. आमची या मुद्द्यावर तडजोड झालेली नाही.

(रोर्क-ईव्हच्या प्रेमाची म्हणून जी पानं येतात ती मी उलटतो. सगळी नाही, बरीचशी.)

भविष्यकाळाबद्दल एक गंमत. पहिलं पुस्तक निघालं ते 1995 साल. त्याच वर्षी 31 जुलैला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला होता. माझ्या शाखेत तेव्हा लेजर होती, जाड पुठ्ठ्याची, आणि सहामाही बॅलन्सिंगला आम्ही रात्री अकरा-अकरापर्यंत तीन पैशांचा फरक शोधत बसायचो. आणि या पुस्तकातले लोक खिशातल्या यंत्रावर समोरच्याचा चेहरा बघत बोलत होते. ते 2058 ला घडेल असं लेखिकेने ठरवलेलं. मी तो भाग वाचत असतानाच नातीचा व्हिडिओ कॉल आला. पुस्तक निघालं तेव्हा 2058 ला 63 वर्षं होती. यंत्रं जुनी झाली पण ईव्हला चॉकलेट चोरणारा सापडत नाही ते जुनं होत नाही.

आणखी एक. तीस वर्षांत एवढी पुस्तकं झाली, पण ईव्हच्या आयुष्यात जेमतेम तीन-चार वर्षं गेली आहेत. पहिलं पुस्तक तरुणपणी हातात घेतलेल्या बायका आज आज्या झाल्या, ईव्ह तिशीतच. काही वाचकांना हा लबाडपणा वाटतो. मला नाही वाटत. मालिकेतल्या माणसाने म्हातारं होऊ नये हा वाचकाचाच हुकूम असतो. कॉनन डॉयलने कंटाळून 1893 साली शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकललं, लोकांनी त्याला सुखाने जगू दिलं नाही, दहा वर्षांनी 1903 मध्ये परत आणावंच लागलं. सुरेंद्र मोहन पाठक यांचा सुनील 1963 सालात 'ब्लास्ट' या अखबाराचा तरुण बातमीदार होता, शंभराच्या वर कादंबऱ्या झाल्या, तरी तो तरुण बातमीदारच. आणि हे सगळं आठवता आठवता मी जिथे पोचलो ते सांगायला ही पोस्ट लिहायला घेतली.

मंडळी, मालिका वाचणं आपल्याला नवीन नाही. आपल्याकडे झुंजार होता. काळा पहाड होता.

बाबूराव अर्नाळकर. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारावर रहस्यकथा लिहिल्या या माणसाने. छोटी छोटी पुस्तकं, भडक चित्रांची, एका बैठकीत संपणारी. बऱ्याच गोष्टी इंग्रजीवरून बेतलेल्या, हे खरं, पण माणसं गिरगावात राहायची आणि मराठीत धमक्या द्यायची. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईक आले, गोलंदाज आणि कॅप्टन दीप घेऊन, त्यांनीही हजाराचा आकडा ओलांडला. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी. शिरवळकरांना आता लोक 'दुनियादारी'मुळे ओळखतात, पण आमच्या पिढीला ते आधी दारा बुलंदचे.

ग्वाल्हेरला ही पुस्तकं सहज मिळत नसत. मुंबईचे मामा पंजाब मेलने यायचे. त्यांनी दादरला गाडीत बसताना दोन-तीन घेतलेली असत, झाशी येईपर्यंत वाचून संपलेली असत, आणि ग्वाल्हेरला उतरले की ती आमची. मामांच्या बॅगेतून लाडूंचा डबा आधी निघतो की पुस्तक, यावर आम्हा भावंडांच्या पैजा. वडिलांना ही पुस्तकं चालत नसत. ते जुन्या शिंदेशाहीतले कारकून, राजकवी भा. रा. तांबे यांना लष्करच्या रस्त्यावरून जाताना त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलं. "तांब्यांच्या गावात राहून असलं वाचता?" एवढंच म्हणायचे, पण ते पुरायचं. मग आम्ही ती दुपारी वाचायचो, वडील कचेरीत असताना.

आणि वाचायचो म्हणजे मोठ्याने. कारण आईला ऐकायची असायची. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, डोळे अधू, सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची आणि मी पायरीवर बसून वाचायचो. माझी शाळा हिंदी. सगळे विषय हिंदीत, मित्र हिंदी, भांडणं हिंदी. मराठी फक्त घरात, तीही आपली ग्वाल्हेरी, अर्धी 'अरे भई'वाली. मी वाचायला सुरुवात केली: "काला पहाड..." आईने सूप खाली ठेवलं. "काला नाही. काळा." मी पुन्हा काला. "जीभ वर लाव. काळा." मला तो ळ म्हणता येईपर्यंत तिने पान उलटू दिलं नाही. तिकडे काळा पहाड कोणाच्या तरी खिडकीतून आत शिरलेला, आणि इकडे मी ळ घोटतोय! 'चहा'तला च आणि 'चोर'मधला च वेगळा हेसुद्धा मला अर्नाळकरांनीच शिकवलं. त्या पुस्तकांत चोर भरपूर होते.

ज्ञानेश्वरी आमच्या घरात होती, लाल फडक्यात. तिला आम्ही नमस्कार करायचो. वाचायचो झुंजार. आज मला मराठीत चार ओळी लिहिता येतात, ही पोस्ट तुम्ही वाचताय, त्याचं श्रेय कुणाला द्यायचं ते मला आता नीट कळतं. पुढची गोष्ट काय, या हावरटपणाने मी मराठी वाचायला शिकलो. एका पुस्तकाने ते झालं नसतं. चांगल्या पुस्तकानेही झालं नसतं. एक संपलं की दुसरं हवं, आणि त्यात माणसं तीच हवीत, म्हणून झालं.

मग कॉलेजात हिंदी उपन्यास आले. दिवसाच्या भाड्याने मिळत. नोकरीत मुरैना, भिंड अशा शाखा झाल्या. पाठक यांची विमल मालिका, तीतली 'पैंसठ लाख की डकैती' ही बँक लुटायची गोष्ट मी चंबळच्या मुलखातल्या एका शाखेत काम करत असताना वाचली, म्हणजे कल्पना करा. दिवसा बंदूकवाल्या गार्डबरोबर रोकड न्यायची आणि रात्री कंदिलाजवळ दुसऱ्याने ती कशी पळवली हे वाचायचं. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, एकट्याला उघडता येत नाही, हे लेखकाला कितपत माहीत आहे ते मी पेन्सिल घेऊन तपासत होतो.

पण बढत्या झाल्या, चारचौघांत ऊठबस वाढली, आणि मी सुधारलो. म्हणजे बिघडलो. नव्वदीच्या दशकात एका मराठी वाचनालयाच्या समितीवर मला घेतलं. नाव सांगत नाही, कारण दोष त्यांचा नाही. जागा कमी, वाळवी लागलेली, दोन कपाटं नुसती रहस्यकथांची. अर्नाळकर, नाईक, धारप, सगळे. पानं पिवळी, कव्हरं गेलेली, कितीतरी पुस्तकांवर वाचणाऱ्यांनी पेन्सिलीने शेरे मारलेले. 'खुनी वकील आहे', 'एकदम बकवास', 'दोन वेळा वाचली'. ठराव मी लिहिला. जीर्ण व वाङ्मयीन मूल्य नसलेली पुस्तके निकाली काढावीत. बँकेत बुडीत खातं राइट-ऑफ करताना जशी सही करतात तशी सही केली. रद्दीवाला हातगाडी घेऊन आला, तराजूवर तोलून घेऊन गेला. पैसे किती आले ते जमाखर्चात असेल. मला त्या दिवशी काही वाटलं नाही, हे सगळ्यांत वाईट.

त्या कपाटांच्या जागी चांगले ग्रंथ आले. त्यांची कव्हरं अजून नवीकोरी आहेत.

यंदा गणपतीत नात पुन्हा आली. तिने विचारलं, "17 वाचलीत, आता तुमची मालिका दाखवा." तिला मराठी बोलता येतं, देवनागरी हिंदीमुळे येतं, पण मराठी पुस्तक तिने शेवटपर्यंत असं एकही वाचलेलं नाही. मी दोन-चार नामवंत पुस्तकं मागे तिला दिली होती, ती तिच्या खोलीतल्या फळीवर आदराने उभी आहेत. घरात अर्नाळकर एकही नव्हता. पुण्याच्या भाचीला सांगून निवडक कथांचं नवं पुस्तक मागवलं. गौरी जेवल्या त्या दिवशी दुपारी नात आजीपाशी बसून वाचायला लागली. अडखळत, बोट ठेवून. पहिल्याच पानावर म्हणाली, "काला पहाड..."

मी काही बोलायच्या आत हिने आतून ओरडून सांगितलं, "काळा!"

तीन दुपारी चाललं ते वाचन. 'खलपुरुष' म्हणजे काय, 'अंगरखा' म्हणजे काय, विचारत विचारत. ईव्ह डॅलसपुढे हे भाबडं आहे, असं तिने मत दिलं. पुरावा गोळा करतच नाहीत, सगळं कसं योगायोगाने सापडतं, बायका सारख्या बेशुद्ध पडतात. सगळं खरं आहे. मी काहीही बचाव केला नाही. पण पुस्तक संपवून, चहा पिता पिता, तिने विचारलं, "आजोबा, याच्या पुढचं कुठंय?"

पुढचं नव्हतं. पुढची दोन कपाटं मी तोलून दिली होती. तिला सांगितलं तेही. ती म्हणाली, "का पण?" आणि मला उत्तर देता आलं नाही.

आता इथल्या काही विद्वान मंडळींना मी ओळखतो, ते म्हणतील मराठी टिकवायची तर चांगलं वाचायला द्या, हा उथळ माल कशाला. मीच तो ठराव लिहिलेला माणूस आहे, त्यामुळे तुमचे मुद्दे मला पाठ आहेत. चांगलं वाचायला देण्याविरुद्ध मी नाही. पण माझ्या नातीने 44 इंग्रजी पुस्तकं वाचली ती कुणी 'दिली' नव्हती. ती एकामागून एक तिथे होती. आपल्याकडे महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या पोराने मराठीत 'पुढचं कुठंय' असं विचारलं, तर हातात ठेवायला आपल्यापैकी किती घरांत काही आहे? 2058 मध्ये नात 57 वर्षांची असेल. तेव्हा ग्वाल्हेरात ळ कोण म्हणत असेल याचा मी हिशेब करायला जात नाही.

तर विनंती. दौलतगंज, जयेंद्रगंज, माधोगंज, शिंद्यांची छावणी, जिथे जिथे आपली जुनी घरं आहेत, आणि इंदूर, उज्जैन, देवास, झाशीकडचीही, तिथे माळ्यावर, जिन्याखालच्या कपाटात, पत्र्याच्या ट्रंकेत बघा. दिवाळीची साफसफाई निघाली की ही पुस्तकंच आधी बाहेर पडतात, मला अनुभव आहे. रद्दीत देऊ नका. इथेच निरोप ठेवा, ग्वाल्हेरातल्या ग्वाल्हेरात मी स्वतः स्कूटरवर येऊन घेऊन जाईन, बाहेरगावचा टपालखर्च माझा. झुंजार, काळा पहाड, गोलंदाज, दारा बुलंद, काहीही चालेल. कव्हर नसलं तरी हरकत नाही, वाळवीने कडा खाल्ल्या असतील तरी चालेल, कुणी पेन्सिलीने खुनी सांगून ठेवला असेल तरीही चालेल. शेवटचं पान तेवढं असू द्या.